झाडाची समोरची बाजू

'कट्' असा आवाज झाला आणि मला कळलं, चुकीची फांदी कापली. कळलं म्हणजे तेव्हाच कळलं असंही नाही. कात्री मिटायच्या आधी हाताला कळलं होतं. पण हाताचं ऐकतो कोण! कपडे वाळत घालायच्या दांडीखाली स्टूल होतं, स्टुलावर फोन उताणा ठेवलेला, त्यातून ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आवाज आला, "झालं?" मी म्हणाले, "झालं." "दोन बोटं थोटूक ठेवलंस ना?" "ठेवलं." "बघ, किती सोपं होतं. उगाच घाबरत होतीस, इसोको." मग तिकडे हिरोशिमाला ह्यांच्या खोलीचं दार कुणीतरी वाजवलं, पार्सलवाला असेल, आणि फोन बंद झाला. मी तशीच उभी. एका हातात कात्री, एका हातात फांदी. नव्या पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा वास अंगणभर सुटला होता. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणीतरी गादी बडवत होतं, धप्, धप्, आणि मला एकदम वाटलं की हा आवाज माझ्या छातीतून येतोय आणि तो सगळ्या ओमिया गावाला ऐकू जातोय.

फांदी कुठली म्हणाल, तर आमच्या कुंडीतल्या बोन्सायची सगळ्यात देखणी. खोडातून निघून जरा खाली झुकलेली, मग पुन्हा उचललेली, आणि शेवटी हिरव्या पाल्याची थाळी धरल्यासारखी. तिच्या बरोबर समोर, त्याच उंचीवर, दुसरी एक होती. जाड, सरळसोट, वर डोकावणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. अशा समोरासमोरच्या दोन फांद्या दाराला अडसर घातल्यासारख्या दिसतात आणि त्यातली एक काढायचीच, हा नियम इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. हे इतकी वर्षं काढतो काढतो म्हणत राहिले. मग ऑक्टोबरातल्या त्या रविवारी म्हणाले, "तू काढ. समोरून डावी." ह्यांच्या खोलीत भिंतीवर झाडाचा फोटो आहे, त्यात बघून सांगत होते. फोटोत झाड कायम समोरून असतं. पण माझ्यासमोर जे होतं ते फोटोतलं नव्हतं. उन्हं सगळ्या अंगांना लागावीत म्हणून आठ-दहा दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवायची असते. मी फिरवली होती, आणि मग पुन्हा फिरवली होती, आणि त्या दिवशी झाडाची पाठ माझ्याकडे होती. तोंड भिंतीकडे. माझी डावी म्हणजे झाडाची उजवी. हे मला माहीत नव्हतं का? मी ते झाड रोज तीनतीनदा बघते. कात्री लावली तेव्हा हात थबकला, आपण भलतंच काहीतरी करतोय हे त्याला पुरतं समजलं. पण फोनमधून ते म्हणाले, "डावी, डावी, विचार कसला करतेस," आणि मी डावी कापली.

विचार न करण्याचं खरं कारण वेगळं होतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मला आनंद झाला होता. लग्न झालं त्या वर्षी मे महिन्याच्या बोन्सायच्या जत्रेत ह्यांनी हे ज्युनिपरचं झाड घेतलं. तेव्हापासून कात्री ह्यांची आणि झारी माझी. मी कधी एखादं वाळकं टोक खुडायला गेले की, "अं हं. तू फक्त पाणी घाल." आणि वर, "पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात, बरं का," हे प्रत्येक पाहुण्यासमोर, हसून. पाहुणेही हसायचे. मीही हसायची, चहा ओतत. मग ह्यांची बदली हिरोशिमाला झाली, घर बंद करायचं नाही म्हणून मी मागे राहिले, आणि वर्षांमागून वर्षं झाडाला पाणी घालत राहिले. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा, म्हणजे आईच्या आजारपणातही मला रात्रीचा मुक्काम जमला नाही. दुपारच्या गाडीने गेले, संध्याकाळच्या गाडीने परत. आई म्हणाली, "तुझं लग्न कुंडीशी लागलंय गं." आणि इतक्या वर्षांनी ह्यांनी आपण होऊन म्हणावं, तू काप! कात्रीच्या खणाला मी आधी कधी हातही लावला नव्हता. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली ती कात्री बाहेर काढताना मी परकरी पोरीसारखी फुलून गेले होते. फुललेलं माणूस प्रश्न विचारत नाही. हो म्हणतं.

कापलेली फांदी मी वर्तमानपत्रात गुंडाळून भांड्यांच्या कपाटात, मोठ्या पातेल्याच्या मागे ठेवली. जळाऊ कचरा उचलतात त्या दिवशी टाकू म्हटलं. तो दिवस आला, गेला, पुन्हा आला. फांदी तिथेच. पातेलं काढायला गेले की पेन्सिलीचा वास.

त्यानंतरचा हिवाळा मी अंगठ्याच्या नखावर काढला. झाडाचं खोड बहुतेक सगळं मेलेलंच आहे, पांढरं, घासून गुळगुळीत झालेलं. जिवंत सालीचा एकच तांबूस पट्टा मुळापासून पिळा घेत वर चढतो, हाताच्या पंजाएवढा रुंद. त्या पट्ट्याच्या एका कडेचं पाणी एका फांदीला, दुसऱ्या कडेचं दुसरीला आणि मधलं शेंड्याला. फांदी गेली की तिच्या खालची कड उपाशी पडते. वरून वाळत वाळत खाली येते, मुळापर्यंत. कधी तिथेच थांबते, कधी थांबत नाही. मी रोज सकाळी भाताचा कुकर लावला की चपला अडकवून बाहेर जायची आणि थोटकाखालची साल नखाने जरा खरवडून बघायची. खाली ओलं हिरवं दिसलं की जीव भांड्यात. पुढच्या आठवड्यात तिथेच तपकिरी. मग बोटभर खाली. मग आणखी खाली. सालीची ती कड चेपत गेली, हाताला खड्डा लागायला लागला, म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखा. आणि झाड मात्र वरून हिरवंगार! ज्युनिपरचं हेच वाईट असतं. मेलं तरी महिनोन्महिने हिरवंच राहतं. आतलं संपलेलं असतं आणि येणारेजाणारे म्हणतात, वा, काय ताजंतवानं आहे. वसंतात नवी फिकी टोकं फुटली तर जगलं म्हणायचं, नाहीतर आपण इतके दिवस मढ्याला पाणी घालत होतो.

रविवारी सकाळी फोन यायचा. "पाणी?" "घातलं." "थंडी?" "आहे. आडोशाला ठेवलंय." "बरं." मग हवामान, मग ह्यांचं पोट, मग "ठेवतो." मी प्रत्येक शनिवारी तोंडात वाक्य घोळवून ठेवायची. अहो, एक सांगायचं होतं. आंघोळीच्या टबात गळ्यापर्यंत पाण्यात बसून मोठ्याने म्हणून बघायची, अहो, एक सांगायचं होतं. फरशांवर आवाज घुमायचा आणि तो मलाच एखाद्या खोटारड्या बाईचा वाटायचा. रविवारी ते म्हणायचे "पाणी?" आणि मी म्हणायची "घातलं." एकदा म्हणालेही, "अहो, एक..." तर ते म्हणाले, "गॅसचं बिल ना? मी भरलंय." मी म्हटलं, "हो, तेच." फोन ठेवल्यावर मला इतका राग आला की मी मुळ्याचे तुकडे करता करता भाजी चिरायचा पाटच चिरला. ह्यांच्यावर नाही, स्वतःवरही नाही, त्या 'पाणी'वर. कारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं की सात वर्षांत आम्ही दुसरं काही बोललेलोच नाही. मार्चनंतर हे निवृत्त होऊन कायमचे घरी येतील, समोरासमोर बसतील, आणि झाडही मेलेलं असेल तर आम्ही काय बोलणार? मला कापलेल्या फांदीची भीती वाटत नव्हती. मला त्या समोरासमोर बसण्याची भीती वाटत होती. आमचंही वरून हिरवं आणि आतून केव्हाच संपलेलं असलं तर? नख कुठे लावून बघायचं?

शेवटी डिसेंबरात हिसायो काकूंकडे गेले. त्यांची बोन्सायची बाग आमच्यापासून चालत जाण्यासारखी. काकू पंच्याहत्तरीच्या, कानटोपी घातलेल्या, नेहमी एखाद्या पाइनच्या पोटात डोकं घातलेल्या. मी जाताना गोड बटाटे भाजून नेले होते, हात रिकामे नकोत म्हणून. म्हटलं, "काकू, माझ्या ओळखीच्या एका बाईंचं ज्युनिपर आहे. त्यांनी चुकून भलतीच फांदी कापली."

काकूंनी डोकं बाहेर न काढताच विचारलं, "ओळखीची बाई कुठे भेटते तुला? आरशात?"

मग त्या बाहेर आल्या, बटाट्याची साल काढायला लागल्या. "तुझ्या मुनेओला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग कशाला मेली इतकी पांढरीफटक पडतेस? झाड ओरडत नाही, नवरा हिरोशिमात. थोटूक ठेवलंय का अगदी खोडालगत कापलीस?"

"ठेवलंय. दोन बोटं."

"बरं केलंस. मरणालाही थांबायला जागा लागते. खोडालगत कापलं की ते थेट आत घुसतं. वसंत लागला की थोटकाची साल सोलून टाक, वाळू दे पांढरं." बटाटा फुंकत त्या पुढे म्हणाल्या, "आणि दुसरी? समोरची?"

"ती दांडगट आहे. सरळ वर जाते. तीच काढायची होती खरं तर."

"आता तिला तुझा जावई समज. तीन वर्षं बोट लावायचं नाही. जितकी वाढेल तितकी वाढू दे, वाटेल तशी. आता तिच्या जिवावर तो पट्टा आहे. तीही गेली तर शेंड्याला बोटभर साल राहील, आणि हा उन्हाळा काही तो काढणार नाही." मी निघाले तेव्हा मागून ओरडल्या, "त्या ओळखीच्या बाईला सांग, नवऱ्याला सांगून टाक म्हणावं! नाहीतर झाडाआधी तूच वाळशील!"

नववर्षाला हे आले नाहीत. शेवटच्या वर्षाची कामं, सोपवासोपवी. त्यांचा फोन आला तेव्हा मी इतकी मोकळी झाले की "अरेरे" म्हणायलाच विसरले. एकटीसाठी मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्यांचं, सूप केलं, एकटीने खाल्लं. नवरा येत नाही म्हणून बायकोला सुटल्यासारखं वाटावं, ही काय रीत झाली? पण वाटलं. आणि मग संध्याकाळी काचेतून झाडाकडे बघताना ध्यानात आलं की थंडीत कुंडी फिरवत नाहीत, म्हणून मी स्वयंपाकघरातून रोज बघते ती बाजू, जिथून ओट्याशी उभं राहून कांदा चिरताना ते दिसतं, ती झाडाची पाठ आहे. मला हे झाड पाठीकडूनच ठाऊक आहे. समोरून ते ह्यांचं, पाहुण्यांचं, फोटोचं. पाठीमागे खोडाला एक पोकळी आहे, तिच्यात पाऊस साचतो; एक चिमणी तिथे पाणी प्यायला यायची. हे ह्यांना कधी सांगितलंच नव्हतं. ह्यांनी विचारलंही नव्हतं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. निरोपाच्या मेजवान्या आटपून, खोली रिकामी करून हे घरी आले. आदल्या दिवशी खोकी आली होती. मी सकाळी लवकर उठून झाड आडोशातून काढलं, स्टँडवर ठेवलं आणि तोंड पडवीकडे केलं. ह्यांना समोरून दिसावं म्हणून. दांडगट फांदीवर फिकी टोकं फुटली होती, कोवळी, मिठाच्या खड्याएवढी. शेंड्याचं मात्र अजून काही सांगता येत नव्हतं. थोटूक मी काकूंनी सांगितल्याप्रमाणे सोललं होतं, ते पांढरंशुभ्र वाळलं होतं. उजवीकडे जिथे हिरवी थाळी होती तिथे नुसतं आकाश. ते भगदाड मला इतकं मोठं दिसत होतं की त्यातून आगगाडी जावी. ह्यांना ते दारातूनच दिसेल. दिसलं की ते काय म्हणतील याचं एकेक वाक्य मी मोजलं होतं. सगळ्यात वाईट ते कुठलं, तेही ठरवलं होतं. 'तरी मी सांगत होतो, तू फक्त पाणी घाल.'

हे पडवीत बसले. बारीक झालेले, मानेला दाढीचे पांढरे खुंट राहिलेले. मी चहा ठेवला. ते झाडाकडे बघत राहिले. मी ट्रे पोटाशी धरून मागे उभी.

"वा," ते म्हणाले. "काय साफ कापलीस गं. थोटूकही सोललंस की! मोकळं मोकळं वाटतंय झाड."

मला वाटलं, टोमणा आहे. पुढचं वाक्य यायचंय. पण त्यांनी चहाचा घोट घेतला. मग उठले, एक खोकं उघडलं, टॉवेलात गुंडाळलेला तो फोटो काढला आणि पडवीच्या खांबाला जुना खिळा होता त्यावर लावला. फोटोत उजवीकडे हिरवी थाळी ऐटीत झुकलेली. समोर झाडावर ती नाही. दोन्ही एका नजरेत येत होतं. त्यांनी फोटो सरळ केला, दोन पावलं मागे झाले, फोटोकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि म्हणाले, "जाड झालं नाही खोड?"

दिसलं नाही. ह्यांना दिसलंच नाही! इतके महिने मी ज्या भीतीवर भात शिजवला, ती भीती ह्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेली आणि ह्यांनी ओळखलीही नाही. सुटका झाली म्हणून नाचायला हवं होतं. उलट मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याला निदान माहीत असतं की काहीतरी गेलंय.

"कात्री आण जरा," ते म्हणाले.

"कशाला?"

"ही डावीकडची बघ ना. कशी भाल्यासारखी वर गेलीय! नजरेत खुपते. हिला कुणी ठेवली इतकी? काढून टाकू."

मी हलले नाही, तर स्वतःच जाऊन खणातून कात्री घेऊन आले. माझ्या देखत फडकं सोडलं, अंगणात उतरले, चष्मा कपाळावर ढकलला आणि कात्रीची पाती त्या फांदीच्या बुडाशी नेली. फिक्या टोकांच्या खाली, बरोबर तिथे. पाती उघडली.

मी कशी पोचले मला ठाऊक नाही. पायात चप्पल नव्हती. मी फांदी मुठीत धरली, माझी बोटं पात्यांच्या मध्ये.

"अगं! बोटं जातील!"

"जाऊ देत."

"वेड लागलं का? सोड. फांदी काढायचीच असते त्यातली एक, अडसर होतो..."

"एक काढलीय, अहो! एक काढलीय! काढायची ती ही होती, आणि मी ती काढली." मी थोटकाकडे बोट दाखवलं. आवाज माझा नव्हताच, इतका मोठा की भिंतीपलीकडे कुणी गादी बडवत असेल तर थांबलं असेल. "तुम्ही फोटोत बघून डावी म्हणालात. कुंडी फिरवलेली होती."

"फिरवलेली? कशाला फिरवलीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं. आठ-दहा दिवसांनी पाव वळसा. जाताना, स्टेशनवर, गाडी सुटताना सांगितलंत."

ते बघत राहिले. माझ्याकडे, मग थोटकाकडे, मग पडवीतल्या फोटोकडे. ह्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती, डावी, उजवी, डावी असं मोजत असावेत. मग खांदे उतरले. माणूस म्हातारा होताना दिसतो असं म्हणतात ना, तसे ते मला त्या घटकेला दिसले, आणि मला त्यांची दयाही आली आणि रागही तितकाच आला.

"हिला हात लावलात तर झाड उन्हाळा काढणार नाही," मी म्हणाले. "तीन वर्षं नाही लावायचा."

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारत होतात, पाणी घातलं का. मी सांगत होते, घातलं."

ह्यांनी कात्री हळूच मिटली. माझी मूठ अजून फांदीवरच होती, तळहाताला ती कोवळी टोकं टोचत होती. मग ह्यांनी घसा खाकरला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मग आता ह्याची समोरची बाजू कुठली?"

मी कुंडी धरली आणि फिरवली. पाव वळसा, आणि आणखी पाव. "इकडे या," म्हटलं. "तिथून नाही दिसायचं. इकडे, माझ्या ओट्याच्या खिडकीपाशी." ते कपडे वाळत घालायच्या दांडीखालून वाकून आले, डोक्याला एक ओला मोजा लागला, आणि माझ्या शेजारी उभे राहिले. इथून थोटूक खोडाआड गेलं होतं. दांडगी फांदी उजवीकडे आली होती आणि भगदाडातून आलेलं ऊन पाठीच्या पोकळीत पडलं होतं. पोकळीत कालच्या पावसाचं पाणी होतं.

"इथे पाणी साचतं?"

"चिमणी येते प्यायला."

"कधीपासून?"

"तुम्ही गेलात तेव्हापासून."

ते वाकून त्या घोटभर पाण्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या एप्रनच्या खिशात टाकली. त्यांनी ती दिली. मग नळाखालची झारी उचलली आणि त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी झारी एकदम तिरपी केली. पाणी मातीवरून धोधो वाहिलं, शेवाळाचा तुकडा घेऊन कुंडीबाहेर पडलं, ह्यांच्या मोज्यांवर. माती आत कोरडी ती कोरडीच. ते गोंधळून माझ्याकडे बघायला लागले.

"हळू," मी म्हणाले. "शिकायला तीन वर्षं लागतात."